टेनिसच्या पुरुष एकेरीचा ड्रॉ कसा वाचावा? बालेवाडीला सामने पाहायला जाणाऱ्या नाशिककरांसाठी

गोदाकाठ (धागाकर्ता)

पुण्यात बालेवाडीला टेनिसची व्यावसायिक स्पर्धा लागली की नाशिकहून मंडळी निघतात ती शेवटच्या शनिवार-रविवारी. उपांत्य आणि अंतिम सामना पाहतात आणि परत येतात. माझं म्हणणं असं की एकेरीची खरी स्पर्धा पाहायची असेल तर पहिले तीन दिवस गाठायला हवेत. त्यासाठी आधी ड्रॉचा कागद, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, वाचता यायला हवा. क्लबमधल्या मुलांनाही तो नीट समजावून सांगितला जात नाही, म्हणून हा धागा.

पुण्यात २०१८ ते २०२३ या काळात २५० दर्जाची (विजेत्याला २५० गुण देणारी) स्पर्धा पाच वेळा झाली (२०२१ मध्ये झाली नाही). त्याआधी हीच स्पर्धा चेन्नईत होती. त्यानंतर बालेवाडीत चॅलेंजर, म्हणजे त्याखालच्या दर्जाच्या स्पर्धा झाल्या. दोन्हींचा सांगाडा सारखा आहे, फरक आकड्यांत.

२५० स्पर्धेचा एकेरीचा ड्रॉ २८ जणांचा धरा. कागदावर ओळी मात्र ३२, म्हणजे चार ओळी रिकाम्या. त्या पहिल्या चार मानांकितांच्या (क्रमवारीवरून वरचे ठरवलेल्या खेळाडूंच्या) समोर येतात आणि त्यांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते.

अव्वल मानांकित ओळ १ वर, दुसरा मानांकित ओळ ३२ वर. हे ठरलेलं, यात सोडत नाही. तिसरा आणि चौथा यांच्यात चिठ्ठी पडते, एक ओळ ९ वर आणि दुसरा ओळ २४ वर. पाच ते आठ यांची सोडत ८, १६, १७ आणि २५ या ओळींसाठी. म्हणजे पहिला आणि दुसरा अंतिम सामन्याआधी भेटूच शकत नाहीत, पण तिसरा खेळाडू पहिल्याच्या अर्ध्यात येणार की दुसऱ्याच्या, हे चिठ्ठीवर. "तिसऱ्याला सोपा ड्रॉ दिला" अशी तक्रार करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. रिकाम्या ओळी २, १०, २३ आणि ३१.

सामने किती? २८ जणांतून एक उरायचा तर २७ जण हरायला हवेत, म्हणून २७ सामने. पहिल्या फेरीत १२, मग ८, ४, २, १. पुढे चाल मिळालेल्याला विजेतेपदासाठी चार सामने, बाकीच्यांना पाच आणि पात्रता फेरीतून आलेल्याला सात.

---

सिडको_बॅकहँड

छान सुरुवात. २८ जण येतात कुठून हेही लिहितो, कारण कागदावर नावापुढे जी अक्षरं असतात त्यांचा अर्थ तिथे दडलेला आहे.

साधारण १९ जण थेट जागतिक क्रमवारीवर. ही क्रमवारी स्पर्धेच्या दिवशीची नसते, काही आठवडे आधीच्या ठरलेल्या सोमवारची असते. त्या यादीतला शेवटचा क्रमांक म्हणजे 'कट'. मानांकन मात्र नंतरच्या, स्पर्धेच्या तोंडावरच्या क्रमवारीवर ठरतं. त्यामुळे मधल्या काळात कोणी चमकला तर यादीत खाली असूनही मानांकित होतो. कागदावर हे विचित्र दिसतं, पण चूक नाही.

चार जण पात्रता फेरीतून. तीन वाईल्ड कार्डं, म्हणजे आयोजकांनी थेट दिलेले प्रवेश. दोन जागा 'स्पेशल एक्झेम्प्ट' साठी, म्हणजे आदल्या आठवड्यात दुसरीकडे शेवटच्या फेऱ्यांपर्यंत खेळत राहिल्यामुळे जो पात्रता फेरीला पोहोचूच शकत नाही त्याच्यासाठी. त्या वापरल्या गेल्या नाहीत तर यादीतले पुढचे आत येतात.

नावापुढे 'पीआर' दिसलं तर संरक्षित क्रमवारी. दुखापतीमुळे किमान सहा महिने बाहेर राहिलेल्याला, दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या क्रमवारीची सरासरी काढून प्रवेशापुरता क्रमांक मिळतो. मानांकनाला तो चालत नाही. म्हणूनच कधीकधी मोठं नाव मानांकनाशिवाय पहिल्याच फेरीत मानांकितासमोर उभं राहतं. असा सामना कागदावर दिसला तर तिकीट त्याच दिवसाचं काढा.

---

पंचवटीकर

वाईल्ड कार्डाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. आपल्याकडे दरवेळी ऐकू येतं की ही कार्डं आपल्या पोरांना देऊन वाया घालवतात, पहिल्या फेरीत हरून घरी जातात. २०२३ मध्ये पुण्याच्याच मानस धामणेला कार्ड मिळालं तेव्हा तो १५ वर्षांचा होता. मायकेल मोहकडून २-६, ४-६ हरला. आकडे पाहून लोक म्हणाले, बघा. पण १५ व्या वर्षी टूरवरच्या खेळाडूविरुद्ध दोन सेटमध्ये सहा गेम काढणं म्हणजे काय, हे सर्व्हिस परत करायला उभं राहिल्यावर कळतं.

आणि दुसरं उदाहरण चेन्नईचं, २००९ चं. सोमदेव देववर्मन क्रमवारीत दोनशेच्या बाहेर होता, कार्डावर आत आला आणि अंतिम फेरीपर्यंत गेला. तिथे मारिन चिलिचकडून हरला. कार्ड नसतं तर तो पात्रता फेरीत जास्तीचे सामने खेळून थकून आला असता, किंवा आलाच नसता. लिअँडर पेसने १९९८ मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्टला एकेरीचं विजेतेपद जिंकलं, त्यानंतर कुठल्याच भारतीयाला टूरवर एकेरीत ते जमलेलं नाही. रामकुमार रामनाथन २०१८ मध्ये त्याच न्यूपोर्टच्या अंतिम फेरीत पोहोचून हरला. अशा स्थितीत घरच्या स्पर्धेतली तीन कार्डं हा हक्काचा रस्ता आहे.

---

सिडको_बॅकहँड

पंचवटीकर, भावना पटते. पण तीनही कार्डं देशी खेळाडूंनाच द्यावीत असं मला वाटत नाही. एखादा बाहेरचा चांगला खेळाडू आला तर मुलांना त्याच्याबरोबर सराव मिळतो, आणि तेही कमी मोलाचं नाही. मुख्य फेरीत दोन आणि पात्रता फेरीत जमतील तितकी आपल्या मुलांना, हे मला जास्त योग्य वाटतं. पात्रता फेरीतला एक विजयही क्रमवारीत दिसतो.

---

गोदाकाठ

गुणांचा विषय निघालाच आहे तर सगळेच आकडे देतो. २५० स्पर्धेत विजेत्याला २५०, उपविजेत्याला १६५, उपांत्य फेरीला १००, उपांत्यपूर्व फेरीला ५०, दुसऱ्या फेरीला २५ आणि पहिल्या फेरीत हरलेल्याला शून्य. पात्रता फेरी पार केली की १३, तिथे दुसऱ्या फेरीत हरला तर ७.

यातली बारीक गोष्ट अशी. पुढे चाल मिळालेला मानांकित आपला पहिलाच सामना हरला, तर तो दुसऱ्या फेरीत हरलेला असूनही त्याला पहिल्या फेरीचेच गुण, म्हणजे शून्य. उलट पात्रता फेरीतून आलेला मुख्य फेरीतला पहिला सामना हरला तरी १३ घेऊन जातो, आणि जिंकला तर १३ अधिक २५, म्हणजे ३८. म्हणून पहिल्या चारांपैकी कोणाचाही पहिला सामना चुकवू नका. त्याने अजून कोर्टची गती अंगात भिनवलेली नसते, समोरचा एक सामना खेळून तापलेला असतो आणि मानांकिताला हरल्यास काहीच मिळणार नसतं. उलथापालथ होते ती इथेच.

चॅलेंजरचे आकडे: १०० दर्जाच्या स्पर्धेत विजेत्याला १००, मग ५०, २५, १४ आणि ७. ७५ दर्जात ७५, ४४, २२, १२, ६. म्हणजे चॅलेंजर १०० जिंकणं आणि २५० च्या उपांत्य फेरीत हरणं, गुणांच्या हिशेबात सारखंच. त्याखालच्या १५ दर्जाच्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धेत विजेत्याला १५. तिथून वर यायला किती आठवडे लागत असतील याचा हिशेब आपल्या मुलांनी कागदावर करून पाहावा.

हे गुण ५२ आठवडे टिकतात. मागच्या वर्षी याच आठवड्यात जे कमावलं ते यंदा वजा होतं. खेळाडू 'गुण राखायला' आलाय असं समालोचक म्हणतात ते यालाच.

---

त्र्यंबकरोड

पात्रता फेरीला जाऊन खरंच काही पाहायला मिळतं का? नाशिकहून दोनशे-दहा किलोमीटर जायचं तर निदान नावं तरी ओळखीची हवीत असं घरचे म्हणतात.

---

गोदाकाठ

घरच्यांना व्हॅलेंटिन वाशेरोचं नाव सांगा. मोनॅकोचा हा खेळाडू फेब्रुवारी २०२४ मध्ये बालेवाडीत पुण्याची चॅलेंजर जिंकून गेला, अंतिम सामन्यात ॲडम वॉल्टनला हरवून. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये शांघायच्या १००० दर्जाच्या स्पर्धेत तो पात्रता फेरीच्या यादीतही नव्हता, प्रतीक्षा यादीत होता. इतरांनी माघार घेतली म्हणून आत आला. क्रमवारी २०४. पात्रता फेरीचे दोन आणि मुख्य फेरीचे सात असे सलग नऊ सामने जिंकून विजेता झाला. उपांत्य फेरीत जोकोविचला हरवलं आणि अंतिम सामन्यात स्वतःच्याच मावसभावाला, आर्थर रिंडरक्नेशला. १००० दर्जाच्या स्पर्धेचा इतक्या खालच्या क्रमवारीचा विजेता याआधी झालेला नाही.

ज्यांनी त्या फेब्रुवारीत बालेवाडीच्या बाजूच्या कोर्टवर पहिल्या फेरीचे सामने पाहिले, त्यांनी तो खेळाडू दहा फुटांवरून पाहिला. नावं नंतर ओळखीची होतात.

२५० ची पात्रता फेरी १६ जणांची, चार गट, दोन फेऱ्या, १२ सामने. चॅलेंजरला २४ जण, सहा गट, १८ सामने आणि सहा जण पुढे. प्रत्येक गटातून एकच माणूस आत जातो, त्यामुळे दुसऱ्या फेरीचा प्रत्येक सामना हा एका अंतिम सामन्यासारखाच असतो. आसनक्रमांक नसतो, गर्दी नसते, कुठल्याही कोर्टच्या जाळीला टेकून पाहता येतं.

---

सिडको_बॅकहँड

पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात हरलेल्यांवरही नजर ठेवा, कारण लकी लूझर तिथूनच येतो. मुख्य फेरीतून कोणी माघार घेतली की यांच्यातला एक आत जातो. त्यासाठी रोज खेळ सुरू होण्याआधी जाऊन हजेरीची सही करावी लागते. सही नाही तर जागा नाही, मग तो हॉटेलात असो वा विमानतळावर.

माघार कधी घेतली यावर सगळं फिरतं. पहिल्या दिवसाचं वेळापत्रक जाहीर होण्याआधी पहिल्या चारांपैकी एखादा गेला, तर पाचवा मानांकित उचलून त्याच्या ओळीवर ठेवतात, पाचव्याच्या जागी मानांकन नसलेल्यांतला सर्वांत वरचा येतो आणि त्याच्या जागी लकी लूझर. वेळापत्रक जाहीर झाल्यानंतर गेला, तर लकी लूझर थेट त्या मानांकिताच्याच ओळीवर बसतो, पुढे चाल सकट. पात्रता फेरीत हरलेला माणूस एकही चेंडू न मारता दुसऱ्या फेरीत! २०१७ मध्ये क्रोएशियातल्या उमागला आंद्रे रुब्लेव्ह लकी लूझर म्हणून आत आला आणि स्पर्धा जिंकून गेला.

---

खुर्चीपंच

'पुढे चाल' हा शब्द आपली वर्तमानपत्रं दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, त्यामुळे घोळ होतो. एक म्हणजे ड्रॉमधली रिकामी ओळ. दुसरी म्हणजे प्रतिस्पर्धी सामना सुरू होण्याआधीच बाहेर पडला ती. या दोन्हींहून वेगळा प्रकार म्हणजे सामना सुरू झाल्यावर सोडून देणं. तो सामना निकालात धरला जातो, जिंकणाऱ्याच्या खात्यात विजय लागतो. दुसऱ्या प्रकारात सामना झालाच नाही असं मानतात, विजय मोजत नाहीत, पण पुढच्या फेरीचे गुण मात्र मिळतात.

पुण्याचं २०२३ चं उदाहरण घ्या. अव्वल मानांकित चिलिचने गुडघ्याच्या दुखापतीमुळे उपांत्यपूर्व सामन्याआधी माघार घेतली. समोर होता टॅलन ग्रीकस्पूर, मानांकन नसलेला. तो न खेळता उपांत्य फेरीत गेला आणि पुढे अंतिम सामन्यात बेंजामिन बाँझीला ४-६, ७-५, ६-३ असं हरवून कारकिर्दीतलं पहिलं विजेतेपद घेऊन गेला. तीन सेटच्या अंतिम सामन्यात आठवड्यातला एक वाचलेला सामना पायांना किती उपयोगी पडतो, हे वेगळं सांगायला नको.

आता कोर्टवर बसल्यावर जे प्रश्न हमखास विचारले जातात ते.

वेळ: दोन गुणांमध्ये २५ सेकंद, घड्याळ कोर्टवर दिसतं. बाजू बदलताना ९० सेकंद, सेट संपल्यावर १२० सेकंद. सेटच्या पहिल्या गेमनंतर बाजू बदलतात पण बसत नाहीत.

उपचार: फिजिओने तपासल्यावर तीन मिनिटं. पण पेटके आले असतील तर ही तीन मिनिटं मिळत नाहीत. फक्त बाजू बदलताना उपचार, तेही जास्तीत जास्त दोनदा. त्यामुळे पेटके आलेला खेळाडू कधीकधी गेम सोडून देतो, कारण बाजू बदलायची वेळ लवकर यावी. प्रेक्षक ओरडतात, पण त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसतो.

स्वच्छतागृह: सामन्यात एकदा, सेट संपल्यावरच, आत गेल्यापासून तीन मिनिटं. कपडे बदलायचे असतील तर आणखी दोन.

प्रशिक्षक: बाहेर बसलेला प्रशिक्षक आता बोलू शकतो, खुणा करू शकतो. कोर्टच्या टोकाला त्याच्या जवळ बसलात तर पुष्कळ शिकायला मिळतं.

---

निफाडची_थंडी

चेंडूंबद्दल कोणीच काही लिहिलं नाही, आणि माझ्या मते एकेरीत अर्धी गोष्ट तिथे आहे.

एका वेळी सहा चेंडू खेळात असतात. पहिल्यांदा सात गेमनंतर बदलतात, नंतर दर नऊ गेमनंतर. पहिल्यांदा सातच, कारण सरावाचे दोन गेम धरले जातात. म्हणजे सामन्याच्या सुरुवातीपासून मोजत ७, १६, २५, ३४ हे गेम संपले की नवे डबे फुटतात. वहीत गेम मोजत बसा. नवा चेंडू गुळगुळीत, वेगात जातो. सात-आठ गेम मार खाल्ला की लव फुलते, हवेत अडतो. नवे चेंडू हातात आल्यावर ज्याची सर्व्हिस, त्याची ती भेदणं अवघड. आणि चेंडू जुने होत आले की परतवणाऱ्याची संधी.

एक अपवाद आहे. चेंडू बदलायची वेळ नेमकी टायब्रेकच्या तोंडावर आली तर तेव्हा बदलत नाहीत. पुढच्या सेटच्या दुसऱ्या गेमला बदलतात. पुण्याचा २०१९ चा अंतिम सामना आठवा. केविन अँडरसन वि. इव्हो कार्लोविच, ७-६, ६-७, ७-६. पहिला सेट १३ गेमचा, कारण टायब्रेक हा एक गेम धरतात. दुसऱ्या सेटमध्ये ६-६ झालं तेव्हा बरोबर २५ गेम झाले होते. म्हणजे नियमाप्रमाणे दुसरा टायब्रेक जुन्या, जड झालेल्या चेंडूंवर, आणि नवे चेंडू तिसऱ्या सेटच्या दुसऱ्या गेमला. दोन मीटरहून उंच असे दोन सर्व्हिसवीर समोरासमोर असताना हा तपशील किरकोळ नाही.

---

त्र्यंबकरोड

हे माहीत नव्हतं, आभार. चेन्नई आणि पुण्याच्या खेळात फरक का जाणवायचा? कोर्ट दोन्हीकडे हार्डच.

---

निफाडची_थंडी

उंची. चेन्नई समुद्रकाठी, पुणे साडेपाचशे मीटरच्या आसपास. हवा विरळ, चेंडूला अडथळा कमी, फिरकी कमी पकडते, चेंडू लांब जातो. मॅड्रिदला साडेसहाशे मीटरवर सगळे खेळाडू 'चेंडू उडतो' म्हणतात, आपण त्याहून थोडेच खाली. आपलं नाशिक तर सहाशेच्या घरात. मोठ्या उंचीसाठीचे वेगळे चेंडू १,२१९ मीटरच्या वर वापरतात, त्यामुळे आपल्याला नेहमीचेच चेंडू. मग खेळाडू काय करतात? रॅकेटची तार एक-दोन पौंड जास्त ओढून घेतात. ज्याने समुद्रकाठी खेळून येऊन तार बदलली नाही, त्याचे पहिल्या दोन-तीन गेममध्ये बेसलाइनच्या हातभर बाहेर चेंडू पडताना दिसतील.

थंडी याच्या उलट वागते. गार चेंडू कमी उसळतो. जानेवारी-फेब्रुवारीत सकाळचा पहिला सामना आणि दुपारी दोनचा सामना, एकाच कोर्टवर दोन वेगळे खेळ. दुपारी किक (फिरकी देऊन उसळवलेली) सर्व्हिस खांद्याच्या वर जाते, सकाळी तीच कमरेला बसते. रात्रीच्या सामन्यात पुन्हा हवा जड. म्हणून वेळापत्रकात आपल्या आवडत्या खेळाडूची वेळ पाहा, नुसता दिवस नाही. आपल्याकडच्या मुलांना हे समजावणं सोपं आहे. निफाडच्या बाजूला हिवाळ्यात पारा किती उतरतो ते त्यांनी पाहिलेलंच असतं. सहा वाजता सराव करणाऱ्या पोराला चेंडू उसळत नाही हे अंगानेच ठाऊक असतं, फक्त कारण माहीत नसतं.

---

गंगापूररोड_क्लब

माझा प्रश्न उलट दिशेचा आहे. आमच्याकडे खुल्या एकेरीला २१ प्रवेशिका आल्या आहेत. दोन कोर्ट. ड्रॉ कसा लावायचा? मागच्या वेळी सगळ्या रिकाम्या ओळी खाली राहिल्या आणि अर्धा ड्रॉ न खेळताच पुढे गेला.

---

गोदाकाठ

२१ म्हणजे १६ च्या वर, म्हणून ३२ ओळी. रिकाम्या ११. नावं आधी वरून खाली भरत गेलात की तुम्ही म्हणता तसंच होतं. क्रम उलटा हवा: आधी मानांकित बसवा, मग रिकाम्या ओळी, आणि नावं शेवटी.

आठ मानांकित घ्या. ओळी वर लिहिल्या त्याच: १, ३२, मग ९ व २४ साठी चिठ्ठी, मग ८, १६, १७, २५ साठी. आता ११ पैकी ८ रिकाम्या ओळी या आठांच्या समोर: २, ३१, १०, २३, ७, १५, १८, २६. उरल्या तीन. ड्रॉचे आठ ओळींचे चार तुकडे पाडा. प्रत्येकात दोन रिकाम्या ओळी आधीच आहेत. उरलेल्या तीन वेगवेगळ्या तुकड्यांत टाका, एकाच तुकड्यात दोन नकोत. पहिल्या फेरीत पाच सामने होतील, एका तुकड्यात दोन आणि बाकी तिघांत एकेक. एकूण सामने २०.

दोन रिकाम्या ओळी समोरासमोर येऊ देऊ नका. सगळं कागदावर बसवल्यावर हे एकदा बोट ठेवून तपासा, कारण नेमकी हीच चूक होते. आणि उरलेल्या १३ नावांच्या चिठ्ठ्या खेळाडूंसमोर काढा. सोडत बंद खोलीत काढली तर कितीही प्रामाणिक असली तरी संशय राहतो.

वेळेचा हिशेब: तीन सेटच्या सामन्याला दीड तास धरा, दोन कोर्टवर दिवसाला दहा सामने म्हणजे साडेसात तास सलग. एका खेळाडूला दिवसात दोनपेक्षा जास्त एकेरीचे सामने देऊ नका. त्यामुळे २० सामने दोन दिवसांत कोंबण्यापेक्षा तिसरा दिवस उपांत्य आणि अंतिम सामन्यासाठी ठेवा.

---

खुर्चीपंच

क्लबवाल्यांसाठी आणखी एक, कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे राहून जातं. दुहेरीच्या जाळ्यावर एकेरी खेळवताना सिंगल्स स्टिक, म्हणजे जाळी उचलून धरणाऱ्या काठ्या, लावा. उंची १.०७ मीटर, एकेरीच्या बाजूच्या रेषेपासून बाहेर ०.९१४ मीटरवर, दोन्हीकडे. मध्ये पट्ट्याने जाळी ०.९१४ मीटरला ओढलेली.

स्टिक नसेल तर काय होतं? जाळी मधून खांबापर्यंत हळूहळू चढते. खांब दुहेरीच्या रेषेच्याही बाहेर असल्यामुळे एकेरीच्या रेषेवर ती हवी त्यापेक्षा खाली राहते. हिशेब केला तर सुमारे अडीच सेंटीमीटर. ऐकायला थोडं वाटतं, पण रेषेलगत मारलेला पासिंग शॉट जाळीच्या पट्टीला लागतो की वरून जातो, हे तेवढ्यातच ठरतं. अशा कोर्टवर वाढलेला मुलगा पुण्यात जाऊन रेषेवरचे फटके जाळीत घालतो आणि प्रशिक्षक त्याच्या मनगटात दोष शोधत बसतात. टेप घेऊन मोजा. लाकडाच्या दोन पट्ट्या, रुंदी साडेसात सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, एवढंच सामान लागतं.

---

पंचवटीकर

स्टिकबद्दल शंभर टक्के सहमत. मुलांच्या स्पर्धांतही सक्ती व्हायला हवी.

---

गंगापूररोड_क्लब

दोघांचेही आभार. ओळी कागदावर लावून पाहिल्या, बरोबर बसतात. स्टिक करून घेतो.

एक विचारायचं राहिलं: ड्रॉ लागल्यानंतर एखादा मानांकित आलाच नाही तर? आमच्याकडे लकी लूझर कुठून आणणार?

---

खुर्चीपंच

पात्रता फेरी नसेल तर प्रतीक्षा यादी ठेवा. मुदत संपल्यावर आलेली दोन-तीन नावं नाकारू नका, क्रमाने लिहून ठेवा आणि सकाळी हजर राहायला सांगा. हजर असलेला पहिला त्या ओळीवर. कोणीच नसेल तर ओळ रिकामी आणि समोरच्याला चाल. पण कोणत्याही परिस्थितीत दुसऱ्या कुठल्या ओळीवरचं नाव उचलून तिथे नेऊ नका. एकदा पहिल्या दिवसाचं वेळापत्रक लागलं की ड्रॉ हलवायचा नाही.

---

त्र्यंबकरोड

मग ठरलं, पहिल्या तीन दिवसांसाठी जाऊ. जाण्याबद्दल कोणी सांगेल का?

---

सिडको_बॅकहँड

सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असा सरळ रस्ता. वेळ खातं ते चाकण, म्हणून पहाटे निघालात तरच सकाळचा पहिला सामना मिळेल. नाशिक फाट्यावरून पिंपळे सौदागर, वाकड करत बालेवाडी. पुणे शहरात शिरायची गरजच नाही. एसटीने जात असाल तर वाकडेवाडीच्या स्थानकापर्यंत जाऊ नका, नाशिक फाट्यालाच उतरा आणि तिथून रिक्षा करा.

वेळापत्रक आदल्या संध्याकाळी लागतं. त्यात एखाद्या सामन्यापुढे 'अमुक वाजण्याआधी नाही' असं लिहिलेलं असेल तर ती वेळ पक्की धरा, त्याआधी तो सुरू होत नाही. बाकीचे सामने एकामागून एक, त्यांची वेळ कोणीच सांगू शकत नाही. आधीचा सामना दोन सेटमध्ये संपला तर पाऊण तास लवकर सुरू होतो. म्हणून जेवायला जाताना कोर्टवरचा धावफलक पाहून जा.

सोबत टोपी, पाणी, वही आणि ड्रॉचा छापलेला कागद. बसायची जागा बेसलाइनच्या मागे घ्या, बाजूला नाही. बाजूने वेग दिसतो, मागून चेंडूची उंची आणि वळण दिसतं. मुलांना दर सामन्यात एकच खेळाडू पाहायला सांगा, चेंडू नाही. पहिल्या सर्व्हिसनंतर त्याचे पाय कुठे जातात, दुसऱ्या सर्व्हिसला परतवणारा किती पावलं आत येतो, ३०-३० ला सर्व्हिस कुठल्या कोपऱ्यात जाते, एवढं वहीत लिहायचं.

---

त्र्यंबकरोड

चौघं निघतोय. वही आणि कागद घेतले. चेंडू बदलायचे गेम मुलीने आधीच लिहून ठेवलेत, ७, १६, २५, ३४.

---

निफाडची_थंडी

४३ लिहायची गरज नाही म्हणून सांगा तिला. तीन सेट लांबले तरी ३९ गेमच्या पुढे सामना जात नाही, तो का, हे तिचं तिलाच शोधू दे.